चकतीची पाठ

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनचा किनारा झोडपून काढला आणि हरिहरेश्वरातील आमच्या मावशीच्या घराची निम्मी कौले वाडीत जाऊन पडली, तेव्हा फडताळातील जे जिन्नस भिजले त्यांत 2005 सालच्या एका मुंजीच्या छायाचित्रांची सीडीही होती. पोथ्या तत्परतेने उन्हात वाळत घातल्या गेल्या. सीडी मात्र "प्लॅस्टिकच ते, त्याला काय धाड भरलीय" म्हणून पुसून परत ठेवण्यात आली. पुढे ती संगणकात घातली, तेव्हा यंत्र बराच वेळ घरघरले आणि आत चकतीच नाही असे सांगून मोकळे झाले.

चकतीची चमकदार बाजू हा तिचा चेहरा आणि नाव लिहावयाची बाजू ही निव्वळ पाठ, अशी आपली समजूत असते, आणि ती साफ उलटी आहे. सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर, ती जवळजवळ सारी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असून, मजकूर धरणारा रंगद्रव्याचा थर आणि त्यावरचा चांदीसारख्या धातूचा मुलामा हे दोन्ही नावाच्याच बाजूला, वार्निशासारख्या पातळ लेपाखाली असतात. सीडी 'राइट' होते म्हणजे लेसर या रंगद्रव्याला ताप देऊन सूक्ष्म डाग पाडतो. वाचताना परतणाऱ्या प्रकाशातला फरक तेवढा ओळखावयाचा असतो. म्हणून खालचा ओरखडा हा चष्म्याच्या काचेवरचा, तो घासून घालवता येतो. वरचा ओरखडा मात्र मजकूरच खरवडून नेतो, आणि खारी दमट हवा कडेने आत शिरून चांदी काळवंडली, तर त्यावरही इलाज नाही. आमच्या सीडीवर मुंजमुलाचे नाव बॉलपेनने, चांगले दाबून, सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

ओरखडेही सारखे नसतात. 1960 साली आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी मांडलेल्या गणिती पद्धतीच्या आधारे सीडीवरील मजकूर दूरदूर विखरून, जोडीला पडताळ्याचे अंक ठेवून लिहिला जातो; बागमांडल्याहून वेसवीला खाडी ओलांडताना एका घरची माणसे निरनिराळ्या होड्यांत बसवावी, म्हणजे एक होडी मागे राहिली तरी बाकीच्यांना विचारून तिच्यातल्यांची नावनिशी जुळवता येते, तसा हा प्रकार. मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरची सलग तूट यंत्र अशी आपल्याआप भरून काढते. हा मार्ग मात्र मध्यापासून वळसे घेत कडेला जातो. त्यामुळे मध्यापासून कडेकडे उमटलेला ओरखडा दर वळशाला क्षणभरच आडवा येतो, तर वळशाच्याच दिशेचा ओरखडा सलग मजकूर खातो. तेव्हा फडके मध्यापासून कडेकडे सरळ ओढावे. प्रदक्षिणा हरिहरेश्वराला घालावी, चकतीला नव्हे.

चकतीच्या आतल्या कडेशी सगळ्या मजकुराची फेरिस्त असते. ती डागाळली, किंवा राइट करताना वीज गेल्यामुळे (कोकणात हे वेगळे सांगावयास नको) चकती बंद करण्याचा अखेरचा संस्कार राहून गेला, तर यंत्र फेरिस्तीअभावी सारे दफ्तरच रिकामे ठरवते. अशा वेळी प्रथम ड्राइव्ह बदलून पाहावा, कारण प्रत्येकाची नजर कमीअधिक असते, आणि गती शक्य तितकी उतरवावी. आयसोबस्टरसारखी आज्ञावली मोडक्या फेरिस्तीला वळसा घालून फायली हुडकते. डीडीरेस्क्यू ही दुसरी, सुकर भाग आधी उतरवून घेते, अडलेल्या तुकड्यांची नोंद ठेवते आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हकडे केवळ बाकी मागते. वसुली कारकुनाची ही चिकाटी मला फार आवडली.

आमची सीडी तिसऱ्या, एका जुनाट ड्राइव्हने ओळखली आणि दोन रात्री ती उतरत होती. बॉलपेन जेथे जोराने टेकले होते तेथली छायाचित्रे अर्धीच आली. मातृभोजनाच्या चित्रात आई आणि मुंजा दोघांचे चेहरे स्पष्ट आहेत. केळीच्या पानापासून खाली सारा करडा रंग आहे.