१७५ आणि २०८

१८ जुलै २०२२. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे मतदान चालू होते. धामणकर नाक्यावरच्या चहाच्या दुकानात टीव्ही लागलेला, बाहेर पाऊस, मागच्या गल्लीतून यंत्रमागांची खटखट. माझ्या बाकावर पाळी संपवून आलेला एक कारागीर बसला होता. मूळचा आझमगढचा, वय चाळिशीचे. पडद्यावर आकडे आले : उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचे मूल्य २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ''साहब, आदमी तो मैं वही हूँ. गाँव में भारी, यहाँ हल्का?''

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्याचा प्रश्न टाकला की राहवत नाही. तिथेच वर्तमानपत्राच्या कडेवर मी गणित मांडले. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, त्याला पुन्हा हजाराने भागायचे. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८, उत्तर १७५. खरा प्रश्न पुढे आहे. ही लोकसंख्या कोणत्या सालची? १९७१ ची! माझ्या शेजारचा गृहस्थ त्या वेळी जन्मलाही नव्हता. तो ना तिथे जमेस, ना इथे.

हे कुणाच्या विसराळूपणामुळे झालेले नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा २००० सालापर्यंत गोठवला आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांचे वजन त्यापायी घटू नये, हा हेतू. हेतू चांगला होता. ज्याने हप्ते वेळेवर भरले त्याचीच पत कमी करायची, असे कोणती शाखा करील?

तरी कुतूहल म्हणून २०११ चे आकडे घालून पाहिले. तमिळनाडूचा आमदार आज १७६, म्हणजे आपल्यापेक्षा एकाने वरचढच. तो ३०८ होतो. केरळचा १५२ वरून २३९. महाराष्ट्राचा १७५ वरून ३९० आणि उत्तर प्रदेशचा २०८ वरून ४९६. दक्षिणेला धास्ती का वाटते ते या चार ओळींत आहे.

पण लोकसंख्या वाढते ती काही केवळ पाळणे हलल्याने नव्हे. २०११ मध्ये भिवंडी शहर सात लाखांवर गेले, ते उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे मागावर आली म्हणून. त्यांना इथे न मोजण्यात कुटुंबनियोजनाचे कोणते बक्षीस आले?

अमेरिकेत निराळीच तऱ्हा. तिथे चिमुकल्या राज्यालाही किमान तीन मते, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला सगळी. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त पडली, तरी त्या हरल्या. आपल्या ५५ व्या कलमाने राज्याराज्यांत एकसारखेपणा मागितला. सिक्कीमच्या आमदाराला ७ चे मूल्य दिले, तेही हिशोबानेच. (आपल्या विधान परिषदेच्या ७८ आमदारांना या निवडणुकीत मतच नाही, हे कितीजणांना ठाऊक असते?) पद्धत सरळ आहे, वही तेवढी जुनी आहे.

मला विचाराल, तर लोकसभेच्या जागांचा वाद वेगळा ठेवून राष्ट्रपतिपदापुरता ताजा आकडा घ्यावा. यात कुठल्याही राज्याची एकही जागा जात नाही. केरळचे वजन घटेल, हे मान्य. केरळातला मित्र यावर माझ्याशी भांडेल, आणि त्याचे अगदीच चूक असणार नाही.

२०२७ ची जनगणना जाहीर झाल्यावर तो कारागीर नाक्यावर पुन्हा भेटला. मोजायला आले तर पत्ता कुठला सांगू, गावचा की इथला, असे विचारू लागला. मी म्हटले, एरवी जिथे राहता, रात्री झोपता, तिथला.

तो हसला. ''रात को तो साहब, मशीन पर खड़ा रहता हूँ.''