पावसाचा आवाज आणि आपला मेंदू

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. ८०हून अधिक माणसे गेली. अशा संकटातून वाचलेला माणूस पुढे कित्येकदा साध्या सरीनेही दचकून उठतो. घरचे म्हणतात, "बाहेरची बाधा असेल." आम्ही म्हणतो, आधी मेंदू समजून घ्या.

मेंदूचा वरचा घड्याघड्यांचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा. पण त्यात कामाची वाटणी आहे. डोक्याच्या मागचा भाग पाहण्याचे काम करतो. कानाजवळचा ऐकण्याचे. माथ्याकडच्या भागाला स्पर्श कळतो. कपाळामागचा भाग विचार करतो, निर्णय घेतो, मनाला आवर घालतो.

पत्र्यावर पाऊस वाजला की कानाजवळचा भाग तो ओळखतो. पण या थराखाली, खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. धोक्याची घंटा वाजवणे हे तिचे काम. मोठ्या आघातानंतर ही घंटा उगाचच वाजू लागते. 'नुसता पाऊस आहे' असे कपाळामागचा भाग समजावतो, पण त्याचे चालत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो. हा भित्रेपणा नव्हे, बाधा तर नव्हेच. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून बंधू-भगिनींनो, अंगारे-धुपाऱ्यांत पैसा घालवू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि पावसाच्या रात्री त्या माणसाला हसू नका, त्याच्याजवळ बसा.