संवादांऐवजी आकडे

एप्रिल १९७५ मधील ऑस्कर सोहळ्यात सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार स्वीकारताना इन्ग्रिड बर्गमन यांनी एक अनपेक्षित गोष्ट केली. हा मान वास्तविक आपल्या प्रतिस्पर्धी व्हॅलेंटिना कोर्तेसे यांचा आहे, असे त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितले आणि सभागृहात बसलेल्या कोर्तेसे यांची क्षमाही मागितली. स्वतः काही वर्षे इटालियन चित्रपटांत वावरलेल्या बर्गमन यांच्या या उद्गारांत केवळ सौजन्य नव्हते.

ज्या भूमिकेसाठी कोर्तेसे यांना नामांकन मिळाले, ती फ्रान्स्वा त्रुफो यांच्या ‘डे फॉर नाइट’ (१९७३) या चित्रपटातील सेव्हरीनची. उतारवयाकडे झुकलेली, मद्याचा आधार घेणारी ही इटालियन अभिनेत्री एका फ्रेंच चित्रपटाच्या सेटवर संवाद विसरते. मग सेटवर जागोजागी कागद चिकटवले जातात. संवाद कसाबसा जमतो, तर ती बाहेर जाण्याच्या दाराऐवजी कपाटाचे दार उघडते. पुन्हा टेक, पुन्हा तेच कपाट. प्रेक्षक हसत असतानाच त्या बाईची भीती त्याला दिसू लागते. दृश्य अवघ्या काही मिनिटांचे आहे. पण संपूर्ण चित्रपटात तेच सर्वाधिक लक्षात राहते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

याच प्रसंगात सेव्हरीन सुचवते, की संवादाऐवजी मी नुसते आकडे म्हणते. फेडेरिकोबरोबर मी तसेच करीत असे. हा निव्वळ विनोद नव्हे. युद्धोत्तर इटलीत बहुतेक चित्रपटांचे संवाद चित्रीकरणानंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत. पडद्यावर ओठ हलल्याशी कारण. शब्द मागाहून भरता येत. त्यामुळे एकाच दृश्यातले नट आपापल्या भाषेत बोलू शकत आणि फेलिनी तर कलावंतांना सरळ आकडे मोजायला लावीत. फ्रेंच सेटवर मात्र आवाज जागेवरच घेतला जात असल्याने सेव्हरीनची मात्रा चालत नाही. कोर्तेसे यांनी फेलिनींच्या ‘ज्युलिएट ऑफ द स्पिरिट्स’मध्ये (१९६५) काम केले होते, म्हणून ही थट्टा त्यांच्या तोंडी अधिकच खुलते.

१ जानेवारी १९२३ रोजी मिलानमध्ये जन्मलेल्या कोर्तेसे यांचे बालपण एका शेतकरी कुटुंबात गेले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडने त्यांना बोलावले. ‘द हाउस ऑन टेलिग्राफ हिल’मध्ये (१९५१) प्रमुख भूमिकाही मिळाली आणि त्यातील सहकलाकार रिचर्ड बेसहार्ट यांच्याशी विवाहही झाला, मात्र तो १९६० मध्ये संपुष्टात आला. नायिकापद टिकले नाही. त्यांची खरी ताकद दिसली ती अन्तोनिओनींच्या ‘ले आमिके’सारख्या (१९५५) चित्रपटांतील दुय्यम भूमिकांतून.

‘डे फॉर नाइट’साठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी आणि ब्रिटिश अकादमीने त्यांना गौरविले. पडद्यावर चार वाक्ये न आठवणाऱ्या या अभिनेत्रीने १९७४ मध्ये मिलानच्या पिकोलो थिएटरमध्ये जॉर्जो स्ट्रेलर यांच्या दिग्दर्शनाखाली चेखॉव्हच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’मधील रानेव्स्कायाची प्रदीर्घ भूमिका रंगमंचावर उभी केली. तेथे आकड्यांची सोय नव्हती. १० जुलै २०१९ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, मिलानमध्येच त्यांचे निधन झाले.