हाय-गेन गिटार ॲम्प्लिफायरमधील पॉवर ट्यूबची निवड : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :
ट्रान्झिस्टरच्या आगमनानंतर रेडिओतील निर्वात नलिका, म्हणजेच सर्वपरिचित ‘व्हॉल्व्ह’, दैनंदिन व्यवहारातून हद्दपार झाले. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र या नलिकांचे स्थान आजही टिकून आहे. त्याच्या अंतिम टप्प्यातील शक्तिनलिका, अर्थात पॉवर ट्यूब, वापराने क्षीण होतात व बदलाव्या लागतात. अशा वेळी ‘कोणती नलिका अधिक चांगली वाजते?’ असे विचारले जाते. वस्तुतः ‘या ॲम्प्लिफायरला कोणती नलिका पेलेल?’ हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

ध्वनीचे उगमस्थान :
हाय-गेन ॲम्प्लिफायरचा खरखरीत, दाट ध्वनी मुख्यतः प्रारंभीच्या टप्प्यांतील १२एएक्स७ या लहान नलिकांत निर्माण होतो. शक्तिनलिका बदलल्याने खर्जाचा घट्टपणा वा मध्यम स्वरांचा उठाव काही अंशी बदलतो; ध्वनीचे मूळ स्वरूप पालटत नाही.

विद्युत सुसंगती :
ईएल३४ व ६एल६जीसी या दोन्ही नलिका एकाच प्रकारच्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. त्यामुळे त्या परस्परांऐवजी वापरता येतील, असा समज होतो. परंतु ६एल६जीसीच्या हीटरला ०.९ ॲम्पिअर, तर ईएल३४ला १.५ ॲम्पिअर प्रवाह लागतो. चार नलिकांचा विचार करता ही मागणी ३.६ वरून ६ ॲम्पिअरवर जाते. ट्रान्सफॉर्मरची तेवढी क्षमता नसल्यास तो तापून निकामी होऊ शकतो. शिवाय ईएल३४मधील तिसरी जाळी पहिल्या पिनेस जोडलेली असते. ६एल६साठी केलेल्या जोडणीत ती पिन मोकळी असू शकते. मेसा बूगीच्या ‘ड्युअल रेक्टिफायर’मध्ये मात्र या दोहोंपैकी एकीची निवड करण्यासाठी स्विच दिलेला आहे.

बायसचे गणित :
नलिकेचा स्थिर प्रवाह बायस व्होल्टेजने नियंत्रित होतो. ईएल३४च्या प्लेटची उष्णता सोसण्याची कमाल मर्यादा २५ वॅट आहे. स्थिर अवस्थेत सामान्यतः तिच्या ७० टक्क्यांपलीकडे, म्हणजे १७.५ वॅटपलीकडे, जाऊ नये असा संकेत आहे. प्लेटवर ४७० व्होल्ट असल्यास हा प्रवाह सुमारे ३७ मिलीॲम्पिअर येतो. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट असल्याने तिच्यासाठी हाच आकडा सुमारे ४५ मिलीॲम्पिअर होतो. प्रवाह फार वाढल्यास प्लेट लाल होऊन नलिका नष्ट होते. फार घटल्यास ध्वनी रुक्ष होतो. १९९२ साली आलेल्या पीव्ही ‘५१५०’ सारख्या ॲम्प्लिफायरमध्ये बायस बदलण्याची सोय नसल्याने योग्य श्रेणीच्या नलिका निवडणे हाच मार्ग उरतो.

जुळणी व उपलब्धता :
पुश-पुल रचनेत समान प्रवाह घेणाऱ्या, म्हणजेच ‘मॅच्ड’, नलिका वापराव्यात. अन्यथा गुणगुण वाढते. आज या नलिकांचे कारखाने मोजकेच आहेत आणि एकाच कारखान्याचे उत्पादन अनेक नावांनी विकले जाते. २०२२ साली रशियातील निर्यातबंदीमुळे पुरवठा विस्कळीत झाला होता. त्यामुळे नाममुद्रेपेक्षा प्रत्यक्ष मोजमाप अधिक विश्वसनीय ठरते.

निष्कर्ष :
नलिकेचा प्रकार, हीटरची मागणी, बायस व जुळणी हा निवडीचा क्रम असावा. अभिरुचीचा विचार त्यानंतर यावा. ॲम्प्लिफायर बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार साठून राहू शकतो. म्हणून बायसची मोजणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घेणे इष्ट होय.