गिरगाव ते लालबाग : चौकातल्या फरशीचा मागोवा

गिरगावातील वाड्यांच्या अंगणांत आणि परळ-लालबागच्या चाळींच्या चौकांत पायाखाली काय असावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. त्या त्या काळी आरोग्यखात्याचा आग्रह, रेल्वेची सोय किंवा विकासकाचा हिशेब यांपैकी काही ना काही निर्णायक ठरत गेले; परंतु निवड योग्य होती की नाही हे मात्र दरवेळी पावसानेच ठरवले, कारण वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक आणि तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळणारा पाऊस उघड्या जमिनीवरच्या कामातला कोणताही कच्चेपणा लपू देत नाही.

खोताची वाडी किंवा तिच्यासारख्या जुन्या वस्त्यांतील अंगणे आरंभी मातीचीच होती. पावसाळा सरला की जमीन चोपून शेणाने सारवायची, ही पद्धत कोकणातून आलेल्या कुटुंबांना नवी नव्हती. माती पाणी पिऊन घेते आणि अनवाणी पायांना सुखाची वाटते. मात्र एका घराच्या अंगणाला शोभणारी ही व्यवस्था शेकडो माणसांच्या चाळीला पेलणारी नव्हती. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दमट, घाण शोषणारी जमीन हेच रोगाचे मूळ आहे अशी त्या काळच्या अनेक आरोग्य अधिकाऱ्यांची धारणा होती. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले, तरी धुता येणाऱ्या टणक पृष्ठभागाचा आग्रह टिकून राहिला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता, कारण अशा जमिनीत उंदरांना बिळे करणे कठीण जाते.

या आग्रहाला पहिले उत्तर कोब्याने दिले. विटांचे तुकडे चुन्यात कालवून ते मिश्रण जमिनीवर पसरायचे आणि ओले असतानाच लाकडी थापीने ठोकून ठोकून घट्ट करायचे, म्हणजे जो अखंड थर तयार होतो तो कोबा. त्याला सांधे नसतात, म्हणून पाणी मुरत नाही. पण एकदा तडा गेला की ठिगळ नीट बसत नाही, ही त्याची उणीव होती.

चौकाचे खरे दैवत ठरली ती शहाबादी फरशी. मुंबईचा स्थानिक काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, अत्यंत कठीण असल्याने पाथरवटाला तो घडवायला वेळ लागे, आणि मालाडचा पिवळसर दगड प्रामुख्याने इमारतींच्या भिंतींसाठी वापरला जाई. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा करडा चुनखडक मात्र खाणीतच पातळ, सपाट थरांत सुटतो, त्यामुळे कडा घडवल्या की फरशी तयार होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला, शहाबाद त्याच मार्गावर होते, आणि दूरचा दगड मुंबईच्या आवाक्यात आला. या फरशीला घासून चकाकी न देता तिचा नैसर्गिक खडबडीतपणा राखला, तर ओल्या पायांनाही पकड मिळते. चौकातल्या नळाखाली धुणी-भांडी होत, साबणाचे पाणी साचे आणि श्रावणात सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरे; तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचे आणि फरशी फारच गुळगुळीत झाली असेल तर पाट्याला लावतात तशी टाकी लावून घ्यायची, एवढ्यावर भागत असे. फुटलेली एक फरशी उचलून तेथे दुसरी बसवता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. अर्थात गवंड्याने ढाळ, म्हणजे गटाराकडे जाणारा उतार, चुकवला किंवा फरश्यांमधील दर्ज नीट भरली नाही, तर हाच दगड पावसात डबडब वाजू लागतो आणि खालचे पाणी पावलासरशी अंगावर उडते.

1920 च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उभ्या राहिल्या आणि काँक्रीट रुळले. 1922 मध्ये स्थापन झालेल्या भारत टाइल्सच्या रंगीत सिमेंट फरश्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीसारख्या वसाहतींच्या काळात घरांची शोभा वाढवली, पण त्यांची जागा छपराखालीच होती. राजस्थानचा कोटा दगड पुढे आला; पॉलिश केलेला कोटा उघड्या चौकात पावसाळ्यात घसरडा होतो, हे तो बसवणाऱ्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवे होते. लालबाग-परळच्या चौकांत दहीहंडीचे थर लागतात, मुले खेळतात, वृद्ध सकाळी फेऱ्या घालतात. अशा जागी झळाळीपेक्षा पकडीला महत्त्व असणे अगत्याचे आहे.

गेल्या काही दशकांत पेव्हर ब्लॉक सर्वत्र पसरले. वाळूच्या थरावर एकमेकांत अडकवून बसवलेल्या या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या फटींतून थोडे पाणी जमिनीत मुरते, आणि गणपतीच्या मांडवाचे वासे रोवण्यासाठी ते काढून पुन्हा बसवता येतात, हे दोन्ही लाभ खरे आहेत. मात्र खालची जमीन नीट दाबलेली नसेल आणि कडेला घट्ट बांध नसेल, तर मुसळधार पावसात वाळू वाहून जाते आणि ठोकळे खचतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर पाणी मुरू देणाऱ्या जमिनीचा विचार अधिक निकडीचा झाला, पण त्याच काळात गिरणगावातील, म्हणजे लालबाग-परळ भागातील, पुनर्विकासाने चौक मातीवरून उचलून वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, नेऊन ठेवला.

पोडियमवर मुरायला मातीच नसते. तेथे वजन आणि गळती यांचाच विचार करावा लागतो, म्हणून टाइल्सच्या खाली जलरोधनासाठी अनेकदा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला जातो. चुन्याऐवजी सिमेंट आले, तरी ढाळ देण्याचे काम आजही त्याच थराकडे आहे. पुनर्विकासाची बोलणी करणाऱ्या रहिवाशांचे लक्ष बहुधा घरातील टाइल्सच्या आकाराकडे व दर्जाकडे असते. चौकाचा पृष्ठभाग कसा असेल, त्याचा उतार कोणत्या बाजूला असेल, जमिनीवर उरलेल्या मोकळ्या पट्ट्यात पाणी कोठे मुरेल आणि पाडकामात निघणाऱ्या जुन्या शहाबादी फरश्या तेथेच पुन्हा बसवल्या जातील का, हे प्रश्नही करारावर सही होण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजेत.