शिडी कोणी तपासायची?

2019 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, श्रमदानाने चाललेल्या घरांच्या एका बांधकामावर पंचाण्णव वर्षांचे एक गृहस्थ कामाला आले. डोळा काळानिळा पडलेला, भुवईवर चौदा टाके. आदल्या दिवशी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावी ते राहत्या घरात पडले होते. तरी ठरल्याप्रमाणे आले आणि हातात ड्रिल घेऊन कामाला लागले. जिमी कार्टर यांचा तो फोटो जगभर छापला गेला.

माजी राष्ट्राध्यक्षांच्या टाक्यांची अशी मोजदाद झाली. पण त्याच साइटवर एखाद्या निवृत्त शिक्षिकेचा शिडीवरून उतरताना पाय मोडला असता, तर त्या दुखापतीची नोंद करण्याचं बंधन ओशा या कामगार सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने कोणावरही घातलेलं नव्हतं. ओशाच्या नियमांनुसार कामावरच्या दुखापतींची नोंदवही पगारी कर्मचाऱ्यांसाठी ठेवायची असते. दहा किंवा त्याहून कमी कर्मचारी असलेल्या संस्थांना बहुतांश नोंदींतूनच सूट आहे. श्रमदानाने घरं बांधण्याची चळवळ आता पन्नाशीला आली आहे. इतक्या वर्षांत तिथल्या सुरक्षेवर नजर ठेवायची कोणी, या प्रश्नाची उत्तरं मात्र तुकड्यातुकड्यांत मिळत गेली.

या चळवळीचं मूळ जॉर्जियातल्या अमेरिकस गावाजवळच्या एका शेतात आहे. क्लॅरन्स जॉर्डन यांनी 1942 मध्ये तिथे कोइनोनिया नावाचा समूह उभा केला. वर्णभेद कडक असलेल्या दक्षिणेत गोरे आणि काळे तिथे एकत्र राबत, एका पंगतीला जेवत. 1968 मध्ये जॉर्डन आणि मिलार्ड फुलर यांनी नफा नाही, व्याज नाही, अशा तत्त्वावर गरिबांसाठी घरांची योजना आखली. पुढे फुलर दांपत्याने झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, म्बांडाका इथे तीन वर्षं तिचा प्रयोग केला आणि परतल्यावर 1976 मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था स्थापन केली. घर मिळणाऱ्या कुटुंबाने ठरावीक तास स्वतः राबायचं, बाकीचे हात स्वयंसेवकांचे. शनिवारी सकाळी चर्चमधली मंडळी, कॉलेजची मुलं, बँकेतले कारकून हातोडे घेऊन हजर. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात फ्रेम टांगण्यापुरताच खिळा ठोकलेला.

संस्था जन्मली तेव्हा अमेरिकेचा कामगार सुरक्षा कायदा अवघा पाच-सहा वर्षांचा होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 29 डिसेंबर 1970 रोजी त्यावर सही केली आणि 28 एप्रिल 1971 पासून तो लागू झाला. ओशा ही यंत्रणा याच कायद्याने आली. तिचे निरीक्षक न कळवता येतात. पोचल्यावर आधी मालकाशी बोलणं, मग साइटवर फेरी, शेवटी पुन्हा बैठक, अशी रीत असते. पाहणीची बातमी परवानगीशिवाय आधी फोडणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पण या सगळ्या कायद्याचा खांब म्हणजे मालक आणि नोकर हे नातं. पगार न घेता राबणारा माणूस त्या अर्थाने नोकर नाही. संस्थेचा पगारी सुपरवायझर कायद्याच्या छताखाली आला, वायरिंगला आलेला कंत्राटदाराचा माणूसही आला. त्यांच्याच शेजारी कैची चढवणारा शनिवारचा पाहुणा बाहेर राहिला.

तपासणी होत नव्हती असं मात्र नाही. घराची होत होती, आणि चांगली होत होती. नगरपालिकेचा बांधकाम निरीक्षक पाया बघायला येई, लाकडी सांगाडा उभा राहिला की येई, भिंती बंद करण्याआधी नळ आणि तारा बघून जाई, शेवटी राहायला योग्य असा दाखला देई. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडा झोडपला. तेव्हा व्यावसायिक बिल्डरांच्या वसाहतींची छपरं उडाली आणि हॅबिटॅटची घरं तगली, याची खूप चर्चा झाली. नवशिके गरजेपेक्षा जास्तच खिळे मारतात, असं त्याचं कारण गमतीने सांगितलं गेलं. गमतीत तथ्य होतं, कारण त्या वादळानंतरच्या चौकशांत ढिसाळ काम आणि ढिली तपासणी यांवर बोट ठेवलं गेलं होतं. छताची पट्टी नीट ठोकली आहे का, हे निरीक्षक बघत असे. ती ठोकताना माणूस कशावर उभा होता, हे बघणं त्याच्या कामात नव्हतं.

आता पुन्हा कार्टर. 1977 ते 1981 या त्यांच्या कारकिर्दीत युला बिंगहॅम या विषविज्ञानतज्ज्ञ ओशाच्या प्रमुख होत्या. बारीकसारीक आणि निरुपयोगी नियमांमुळे ओशाची टिंगल होत असे. 1978 मध्ये बिंगहॅम यांनी असे 928 नियम एकदम रद्द केले आणि कापसाची धूळ, शिसं अशा खऱ्या धोक्यांकडे यंत्रणा वळवली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आयडाहोतल्या एका व्यावसायिकाच्या बाजूने निकाल दिला. मालकाने नकार दिला तर निरीक्षकाला वॉरंटशिवाय आत शिरता येणार नाही, असा तो निकाल होता. एप्रिलमध्ये वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे कूलिंग टॉवरची परांची कोसळून 51 कामगार ठार झाले होते. निरीक्षकाने कुठे आणि किती शिरावं, हा वाद त्या एका वर्षात असा दोन्ही अंगांनी पेटला होता.

सहा वर्षांनी तेच कार्टर स्वतः साइटवर उतरले. सप्टेंबर 1984 मध्ये ते आणि पत्नी रोझलिन जॉर्जियाहून बसने न्यूयॉर्कला गेले. लोअर ईस्ट साइडमधली एक पडीक सहा मजली इमारत एकोणीस कुटुंबांसाठी दुरुस्त करायची होती. जुनी पडकी इमारत म्हणजे नव्या घरापेक्षा अवघड दुखणं. तिथे धोका बहुधा पायाखालीच असतो. या फेरीनंतर कार्टर दरवर्षी आठवडाभर हातोडा घेऊन कुठे ना कुठे दिसू लागले आणि स्वयंसेवकांचा ओघ वाढला. संस्थेपुढे नवा पेच उभा राहिला. दहा जणांवर नजर ठेवणं सुपरवायझरला जमतं. पाचशे जण एकाच वेळी आले तर?

संस्थेने याची उत्तरं हळूहळू रुजवली. स्वयंसेवकांच्या टोळक्यांवर अनुभवी म्होरके नेमले जाऊ लागले. सकाळी काम सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटं उभ्याउभ्या बैठक, त्यात आज कुठलं काम, कुठला धोका, कोणी काय करायचं नाही. शिडीचा साधा हिशेब तिथेच शिकवला जातो: चार फूट उंचीला पाय भिंतीपासून एक फूट लांब, आणि शिडीचं टोक उतरायच्या जागेच्या तीन फूट वर. वयाची अटही आली. सोळा वर्षांखालच्या मुलांना चालू बांधकामावर प्रवेश नाही. सोळा-सतराच्या मुलांना छतावर चढणं, विजेवरची हत्यारं, खोदकाम आणि पाडकाम वर्ज्य. ही यादी अमेरिकेच्या बालकामगार नियमांतल्या धोकादायक कामांच्या यादीशी मिळतीजुळती आहे. नोकराला लावायचा नियम संस्थेने पाहुण्याला लावला.

सर्वांत लांबलेली गोष्ट छताची. बांधकामावरच्या मृत्यूंत पडून होणारे मृत्यू सर्वाधिक असतात. 2022 मध्ये अमेरिकेत बांधकाम व्यवसायात 1,069 माणसं गेली, त्यांतली 395 उंचावरून पडून. ओशाने 1994 मध्ये नियम केला आणि तो पुढल्या वर्षी लागू झाला. सहा फुटांवर काम असेल तर कठडा, जाळी किंवा अंगावर बांधायचा पट्टा हवाच. घरबांधणी करणाऱ्यांनी लगेच ओरड केली. उघड्या सांगाड्यावर पट्टा अडकवायचा कुठे, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबर 1995 मध्ये ओशाने घरबांधणीला तात्पुरती सवलत दिली. काही कामांत पट्ट्याऐवजी सावधगिरीच्या इतर पद्धती चालतील, असं ठरलं. ही तात्पुरती सवलत पंधरा वर्षं चालली. डिसेंबर 2010 मध्ये ती मागे घेतली गेली आणि जून 2011 पासून नवा हुकूम लागू झाला. त्यानंतरही बिल्डरांना जुळवून घ्यायला मुदती मिळत गेल्या. दोन मजली घराच्या छतावर पट्ट्याविना चालणारे सुतार अमेरिकेत इतकी वर्षं रोजचंच दृश्य होते. त्यांच्याकडे बघून शिकणारे स्वयंसेवक वेगळं काय शिकणार?

वेगाचं आकर्षणही याच काळातलं. आठवड्यात घर, मग दिवसात घर, मग तासांत घर अशा शर्यती लागल्या. डिसेंबर 2002 मध्ये अलाबामातल्या शेल्बी काउंटीत हॅबिटॅटच्या मंडळींनी 3 तास 26 मिनिटं 34 सेकंदांत घर उभं केलं. अशा कामात सगळं आधीच कापून, मोजून, जुळवून ठेवलेलं असतं आणि सैन्याच्या कवायतीसारखी तालीम झालेली असते. तरीही मुद्दा उरतोच. खालच्या गड्याच्या हातात अर्धवट भिंत आणि वरच्या माणसाच्या हातात नेल गन असताना घड्याळाकडे बघायची सवय कोणालाच परवडणारी नाही.

दरम्यान कायद्याने एक हात पुढे केला, पण वेगळ्याच दिशेने. 1997 मध्ये क्लिंटन यांनी स्वयंसेवक संरक्षण कायद्यावर सही केली. सेवाभावी संस्थेचं काम करताना स्वयंसेवकाच्या साध्या चुकीने कोणाचं नुकसान झालं, तर त्याच्यावर वैयक्तिक दावा सहसा लागू नये, अशी ती तजवीज. नावात संरक्षण असलं तरी हे कोर्टापासूनचं संरक्षण. छतावरून पडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्राने हा सगळा खटाटोप जवळून बघितला तो 2006 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हॅबिटॅटचं भारतातलं काम 1983 मध्ये खम्मममध्ये सुरू झालं होतं. त्यानंतर कार्टर यांच्या वार्षिक मोहिमेचा मुक्काम पडला लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात. आठवड्याभरात शंभर घरं, देशोदेशींहून आलेले स्वयंसेवक, गर्दीत ब्रॅड पिटही. ब्याऐंशी वर्षांचे कार्टर विटा-सिमेंटच्या कामाला भिडले. अमेरिकेत लाकडाच्या सांगाड्याची सवय असलेल्यांना इथे घमेलं आणि थापी हाती धरावी लागली. धोकेही बदलले. छतावरून पडण्याऐवजी पायावर पडणारा ठोकळा, ओल्या सिमेंटने भाजणारी कातडी, मावळातलं दुपारचं ऊन.

आणि कायदा? बांधकाम मजुरांसाठीचा भारताचा केंद्रीय कायदा 1996 चा. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम आले 2007 मध्ये, म्हणजे कार्टर परत गेल्यावर. त्या कायद्यातली बांधकाम कामगाराची व्याख्याही मजुरी किंवा मोबदला घेऊन काम करणाऱ्याचीच. अमेरिकेत पडलेली फट आपल्याकडेही तशीच होती. त्यातून स्वतःच्या राहत्या घराचं बांधकाम दहा लाखांच्या आतलं असेल तर ते कायद्याच्या बाहेर. आता 2020 ची सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे आणि ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. गावाकडच्या बहुतेक घरांना सुरक्षेचा निरीक्षक दिसणार नाही, असा याचा साधा अर्थ.

निरीक्षक सगळीकडे पोचावा, ही अपेक्षा अमेरिकेतही फोलच ठरली आहे. केंद्र आणि राज्यं मिळून तिथे साधारण 1,850 निरीक्षक, आणि कामगार 13 कोटी. म्हणूनच लहान संस्थांना दुसरी वाट जास्त उपयोगी पडते. 1970 च्या दशकापासून ओशाच्या पैशावर राज्यांमध्ये मोफत सल्ला सेवा चालते. लहान मालकाने स्वतःहून बोलावलं तर तज्ज्ञ येतो, साइट बघतो, चुका दाखवतो. दंड नाही, बातमी बाहेर जात नाही. फक्त दाखवलेले गंभीर धोके दूर करायची हमी द्यावी लागते. हॅबिटॅट जिथे जन्मली त्या जॉर्जियात ही सेवा जॉर्जिया टेक विद्यापीठाकडे आहे. रोजच्या नजरेसाठी ओशाच्या नियमांतच 'सक्षम व्यक्ती' ही संज्ञा आहे. तिच्या दोन अटी आहेत: धोका ओळखता यायला हवा, आणि काम तिथल्या तिथे थांबवून तो दूर करायचा अधिकार हवा. श्रमदानाच्या साइटवर दुसरी अट जास्त जड जाते. देणगीदार कंपनीचा मोठा साहेब फोटोसाठी शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढला, तर त्याला खाली उतर म्हणायचं कोणी?

गेल्या दशकात या विषयाची जाण वाढली. 2014 पासून अमेरिकेत दरवर्षी बांधकामं थोडा वेळ थांबवून पडण्याच्या धोक्यावर बोलण्याचा उपक्रम चालतो. सिलिकाच्या धुळीचा कडक नियम बांधकामावर 2017 मध्ये लागू झाला. त्याच वर्षी जुलैत कॅनडातल्या विनिपेगमध्ये कार्टर उन्हात काम करता करता कोसळले. शरीरातलं पाणी कमी झालं होतं. रात्र दवाखान्यात काढून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा साइटवर आले. बांधकामावरच्या धोक्यांत ऊनही मोजायचं असतं, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा जाणवलं. 2020 मध्ये करोनामुळे डोमिनिकन रिपब्लिकमधली मोहीम रद्दच झाली.

कार्टर 29 डिसेंबर 2024 रोजी, शंभराव्या वर्षी वारले. निक्सन यांनी सुरक्षा कायद्यावर सही केली त्याला त्या दिवशी बरोबर चोपन्न वर्षं झाली होती. कार्टर दांपत्याने 14 देशांत लाखभर स्वयंसेवकांबरोबर चार हजारांहून जास्त घरं बांधली किंवा दुरुस्त केली. त्या प्रत्येक स्वयंसेवकाची शिडी कोणी ना कोणी धरली होती. केंद्रीय कायद्यातली नोकराची व्याख्या मात्र 1970 मध्ये होती तीच आजही आहे, आणि बिनपगारी हात तिच्यात बसत नाहीत.