कोसबादची टेकडी आणि अनुताई वाघ

आपल्या खानदेशात ‘शिक्षक’ म्हटले की अमळनेरचे साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे ते तेथे शिक्षक होते, तरी त्यांचे नाव घरोघर पोचले. चांगला शिक्षक कसा असावा हे आपल्याला त्यामुळे ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षे मुलांत रमलेल्या शिक्षकावर एके दिवशी सबंध संस्थेचा भार आला, तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला अनुताई वाघ यांच्या जीवनात सापडले.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य बहुधा चुलीपाशीच संपत असे. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या. प्रथम नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे आणि १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी नोकरी केली. दिवसा शिकवून रात्रशाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. तर पन्नाशी उलटल्यावर! आम्ही एकोणिसाव्या वर्षी परीक्षेच्या नावाने कुरकुरतो, तेव्हा हे आठवावे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची.

माँटेसरी पद्धतीची विकतची साधने तेथे कुणाला परवडणार? म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी.

या विकासवाडीचे मर्म मला चटकन कळले, त्याला कारण आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे गाव धुळे जिल्ह्यात. आई कापूस वेचायला जाई आणि मला सांभाळायला मोठी बहीण घरी राही. चौथीनंतर तिची शाळा सुटली ती कायमची. ती माझ्याहून हुशार होती, असे आई अजूनही म्हणते. धाकट्या भावंडाला पाळणाघर मिळाले तरच थोरली शाळेत बसू शकते. कोसबादला हे फार पूर्वी ओळखले गेले होते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षे त्यांच्यासोबत राबलेल्या अनुताईंवर केंद्राची धुरा आली. वय त्रेसष्ट. सरकारी नोकरीतला माणूस या वयात निवृत्तिवेतन घेऊन घरी बसलेला असतो. संस्था चालवायची म्हणजे पैसा उभा करायचा, माणसे सांभाळायची, कागदपत्रे पाहायची. वर्गातल्या माणसाला हे सारे परके. पण अनुताईंपाशी एक भांडवल होते. मूल शाळेत का आले नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या हजेरीपटात शोधत नव्हत्या. पाड्यावर जाऊन त्यांनी ते पाहिले होते. ताराबाईंच्या मागे काम थांबले नाही, उलट वाढले. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था उभी केली. त्यांना ‘पद्मश्री’ही मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मला यातून एवढेच म्हणायचे आहे की संस्थेचे प्रमुखपद ही शिक्षकाची बढती नव्हे. तीच नोकरी, फक्त वर्ग मोठा होतो. प्रमुखाची खुर्ची वर्गापासून जितकी दूर जाते, तितकी मुले त्याला आकड्यांत दिसू लागतात. शाळांच्या इमारती आज आपल्याकडे पुष्कळ आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि कापसाच्या शेतांच्या बांधावर भावंडांना खेळवत बसलेल्या मुलीही अजून आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होतील, काही मुख्याध्यापकही होतील. त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वी त्या बांधावर एकदा अवश्य जावे.